अग्गंबाई सासूबाई

अग्गंबाई सासूबाई ही झी मराठी वाहिनीवरून २२ जुलै २०१९ ते १३ मार्च २०२१ या काळात प्रसारित झालेली मराठी कौटुंबिक-विनोदी दूरचित्रवाणी मालिका आहे. तरुण वयात वैधव्य आलेली, पन्नाशीच्या आसपासची सुगरण गृहिणी आसावरी आणि अविवाहित प्रसिद्ध शेफ अभिजित राजे यांचे प्रेम व विवाह हा मालिकेचा मध्यवर्ती विषय आहे. हा विवाह घडवून आणण्यासाठी आसावरीची सून शुभ्रा पुढाकार घेते. सासू-सुनेच्या वैरावर बेतलेल्या मालिकांच्या प्रचलित साच्यापेक्षा हे कथासूत्र वेगळे ठरले. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान, आशुतोष पत्की आणि रवी पटवर्धन यांनी मालिकेत प्रमुख भूमिका केल्या. मालिका संपल्यावर तिचाच पुढील भाग अग्गंबाई सूनबाई या नावाने प्रसारित झाला. मूळ कथेवर आधारित मालिका दक्षिण भारतीय भाषांमध्येही निर्माण झाल्या.

मालिकेची माहिती

प्रकार: कौटुंबिक, प्रणयप्रधान, विनोदी
भाषा: मराठी
देश: भारत
वाहिनी: झी मराठी
पहिला भाग: २२ जुलै २०१९
अंतिम भाग: १३ मार्च २०२१
प्रसारण वेळ: रात्री ८.३०
आधीची मालिका: तुला पाहते रे
नंतरची मालिका: अग्गंबाई सूनबाई

शीर्षक

'अग्गंबाई' हा मराठीतील आश्चर्य व्यक्त करणारा उद्गार असून तो प्रामुख्याने स्त्रियांच्या बोलण्यात येतो. केदार शिंदे यांच्या अगं बाई अरेच्चा! (२००४) या चित्रपटाच्या नावातही हाच उद्गार आहे. मालिकेच्या शीर्षकात तो 'सासूबाई' या आदरार्थी नात्यासमोर आला आहे. सासूने प्रेमात पडावे आणि सुनेने ते उघड करून तडीस न्यावे, या अनपेक्षित घटनेचे सूचन शीर्षकातून होते. पुढील मालिकेच्या नावात उद्गार तोच राहिला, नाते मात्र बदलले.

कथानक

कुलकर्णी कुटुंबात आसावरी, तिचे सासरे दत्तात्रय बंडोपंत कुलकर्णी आणि मुलगा सोहम असे तिघे राहतात. लग्नानंतर थोड्याच काळात पतीचे निधन झाल्यावर आसावरीने माहेरी न परतता सासऱ्यांची सेवा आणि मुलाचे संगोपन यांतच आयुष्य घालवलेले असते. सासरे कडक शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे आहेत. त्यांच्या जेवणाच्या वेळा, आवडीनिवडी आणि मर्जी सांभाळणे हा आसावरीच्या दिनक्रमाचा कणा आहे. ती मुलाला लाडाने 'बबड्या' म्हणते. त्याची प्रत्येक गरज तो मागण्याआधीच पुरवली गेल्यामुळे तो आत्मकेंद्री आणि परावलंबी झाला आहे.

सोहमशी प्रेमविवाह करून शुभ्रा या घरात येते. स्वतंत्र विचारांच्या शुभ्राला सासूच्या कष्टांमागचा एकटेपणा लवकरच जाणवतो. घरातील सर्वांच्या आवडीचे पदार्थ करणाऱ्या आसावरीला स्वतःची आवडनिवड उरलेली नाही, हे तिच्या लक्षात येते. दरम्यान आसावरीच्या आयुष्यात अभिजित राजे येतो. तो नामांकित शेफ असून 'अभिज किचन' हा त्याचा खाद्यव्यवसाय आहे. स्वयंपाक हा दोघांच्या संवादाचा पहिला विषय ठरतो आणि परस्परांविषयीच्या आदराचे रूपांतर हळूहळू प्रेमात होते.

आसावरीला स्वतःच्या भावनांची कबुली देणेही अवघड जाते. सासरे काय म्हणतील, मुलाला काय वाटेल आणि लोक काय बोलतील, हे तीन प्रश्न तिच्यापुढे उभे राहतात. सोहम आईच्या विवाहाला विरोध करतो. त्याच्या विरोधात आईविषयीच्या मायेपेक्षा स्वतःची सोय जाण्याची भीती अधिक असल्याचे कथानकातून स्पष्ट होत जाते. शुभ्रा मात्र सासूच्या पाठीशी ठाम उभी राहते आणि वेळप्रसंगी पतीच्या विरोधात जाते. सासऱ्यांचे मनही कालांतराने वळते. ज्या सुनेकडून आयुष्यभर सेवा घेतली, तिला मुलीप्रमाणे सासरी पाठवण्यास ते तयार होतात. आसावरी आणि अभिजित यांचा विवाह मालिकेत २०२०च्या सुरुवातीस दाखवला गेला.

उत्तरार्धात विवाहानंतरचे प्रश्न येतात. आसावरीची मुलाविषयीची आंधळी माया, तिचा सोहम घेत असलेला गैरफायदा, अभिजितचा समंजसपणा आणि शुभ्रा-सोहम यांच्या संसारातील वाढते ताण यांभोवती कथा फिरते. घराबाहेर कधीही काम न केलेली आसावरी पुढे खाद्यव्यवसायात उतरते आणि जबाबदारीच्या स्थानापर्यंत पोहोचते. मुलाच्या चुकांवर पांघरूण घालणारी आई ते त्या चुकांचा जाब विचारणारी आई, असा तिचा प्रवास मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात दाखवला आहे.

प्रमुख कलाकार आणि व्यक्तिरेखा

निवेदिता सराफ – आसावरी. धुमधडाका (१९८५) आणि अशी ही बनवाबनवी (१९८८) या चित्रपटांमुळे सराफ मराठी प्रेक्षकांना परिचित होत्या. पाककृतींची आवड असलेल्या सराफ यांची स्वतःची यूट्यूब वाहिनीही आहे.

गिरीश ओक – अभिजित राजे. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत काम केलेल्या ओक यांनी मिश्कील आणि संयमी शेफची भूमिका साकारली.

तेजश्री प्रधान – शुभ्रा. होणार सून मी ह्या घरची (२०१३–२०१६) या झी मराठीच्याच मालिकेत प्रधान यांनी साकारलेली जान्हवी सहा सासवांच्या घरात नांदायला जाते. त्या भूमिकेनंतर सासूचे लग्न लावून देणारी सून म्हणून त्या पुन्हा त्याच वाहिनीवर आल्या.

आशुतोष पत्की – सोहम ऊर्फ बबड्या. आशुतोष हे संगीतकार अशोक पत्की यांचे पुत्र आहेत.

रवी पटवर्धन – दत्तात्रय बंडोपंत कुलकर्णी, आसावरीचे सासरे. घरात आणि प्रेक्षकांत 'आजोबा' म्हणून ओळखली गेलेली व्यक्तिरेखा.

भक्ती रत्नपारखी – मॅडी.

स्वयंपाक आणि प्रेम

मालिकेत अन्न हे कथानकाला पुढे नेणारे साधन आहे. आसावरी आणि अभिजित दोघेही उत्तम स्वयंपाक करतात, पण दोघांच्या कामाला समाजात मिळणारे मूल्य वेगळे आहे. अभिजितचे पाककौशल्य हा त्याचा व्यवसाय आहे. त्यातून त्याला पैसा, नाव आणि चाहते मिळाले आहेत. आसावरीचे कौशल्य त्याच तोडीचे असले तरी ते घरात 'कर्तव्य' म्हणून गृहीत धरले जाते. चांगले झाले तर कोणी बोलत नाही आणि मीठ कमी पडले तर लगेच लक्षात येते, अशी तिची स्थिती आहे. व्यावसायिक शेफने तिच्या हाताच्या चवीची दखल घेणे, हा त्यामुळे प्रेमकथेचा आरंभबिंदू ठरतो. तिच्या कामाकडे काम म्हणून पाहणारा तो पहिला माणूस असतो.

दुसरे सूत्र वाढणाऱ्याचे आहे. मराठी घरांत सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी गृहिणी हे परिचित चित्र आहे. अभिजितशी ओळख झाल्यावर आसावरीसाठी दुसऱ्या कोणीतरी रांधणे आणि तिला आग्रहाने वाढणे हे शक्य होते. पुरुषाने स्त्रीसाठी स्वयंपाक करणे हे या मालिकेत प्रेम व्यक्त करण्याचे मुख्य माध्यम आहे. प्रौढ वयातील नायक-नायिकांच्या प्रणयप्रसंगांत ओट्यापाशी घडणारे संवाद त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

अन्नातून उलगडणारे प्रेम भारतीय पडद्यावर याआधीही आले होते. आर. बाल्की यांच्या चीनी कम (२००७) या हिंदी चित्रपटाचा नायक लंडनमधील प्रौढ वयाचा शेफ आहे. रितेश बत्रा यांच्या द लंचबॉक्स (२०१३) या चित्रपटात मुंबईच्या डबेवाल्यांकडून चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यामुळे दोन एकाकी माणसांचा पत्रसंवाद सुरू होतो. सचिन कुंडलकर यांच्या गुलाबजाम (२०१८) या मराठी चित्रपटात लंडनमधील नोकरी सोडून आलेला तरुण पुण्यात डबे करून देणाऱ्या स्त्रीकडून महाराष्ट्रीय स्वयंपाक शिकतो. त्या चित्रपटात सोनाली कुलकर्णी आणि सिद्धार्थ चांदेकर यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

दूरचित्रवाणी मालिकांच्या क्षेत्रात हा प्रकार दक्षिण कोरियात विशेष रुजला. मिठाई बनवणाऱ्या नायिकेची माय नेम इज किम सॅम-सून (२००५), इटालियन उपाहारगृहाच्या भटारखान्यात घडणारी पास्ता (२०१०) आणि एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यांना जेवणाच्या निमित्ताने एकत्र आणणारी लेट्स ईट (२०१३) या त्यांतील प्रसिद्ध मालिका आहेत. कोरियन मालिकांचे नायक-नायिका बहुधा तिशीच्या आसपासचे आणि उपाहारगृहाच्या वातावरणातील असतात. अग्गंबाई सासूबाईची प्रेमकथा मात्र घरच्या स्वयंपाकघरात रुजते आणि तिला सासरे, मुलगा व सून यांची संमती मिळवावी लागते. विनोदाचे बहुतेक प्रसंगही या संमतीच्या खटपटीतून निर्माण होतात.

सामाजिक आणि कायदेशीर पार्श्वभूमी

विधवाविवाह हा महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासातील जुना आणि तीव्र वादाचा विषय आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनंतर १८५६ साली हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा संमत झाला. विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांचे विचार मराठीत आणले आणि पुनर्विवाहाचा प्रचार केला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना सामाजिक बहिष्काराला तोंड द्यावे लागले. गोदूबाई पुढे आनंदीबाई अर्थात बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांचे माझे पुराण हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

कायद्याने विवाहाचा मार्ग मोकळा केला, तरी पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचे आर्थिक हक्क दीर्घकाळ मर्यादित राहिले. १८५६च्या कायद्यानुसार पुनर्विवाहानंतर पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील विधवेचा हक्क संपुष्टात येत असे. हा कायदा १९८३ साली रद्द झाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम २४ मध्ये आधी मृत झालेल्या मुलाच्या विधवेचा उल्लेख होता. सासऱ्याच्या मृत्यूपूर्वी तिने पुनर्विवाह केलेला असल्यास तिला वारसा मिळत नसे. २००५च्या दुरुस्तीने हे कलम वगळण्यात आले. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम १९ नुसार विधवा सुनेचा निर्वाह करण्याची सासऱ्यावरील सशर्त जबाबदारी तिच्या पुनर्विवाहानंतर संपते. मालिकेतील आसावरी ही नेमकी अशाच स्थितीतील, म्हणजे सासऱ्यांच्या आश्रयाने राहणारी विधवा सून आहे. मालिका कायद्याच्या तपशिलात शिरत नाही. मात्र स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला नवा निर्णय घेताना वाटणारी धास्ती ती दाखवते आणि उत्तरार्धात आसावरीला कमावती करते.

मालिकेतील विरोधाचे स्वरूप एकोणिसाव्या शतकातील विरोधापेक्षा वेगळे आहे. येथे धर्मशास्त्राचा आधार कोणी घेत नाही. 'या वयात लग्न कशाला?' हा प्रश्न विरोधाच्या केंद्रस्थानी आहे. तरुण विधवेचा विवाह मान्य असलेल्या कुटुंबांतही प्रौढ मुलांच्या आईचा विवाह हा संकोचाचा विषय ठरतो, या वास्तवावर कथा बोट ठेवते. वैधव्यासंबंधीच्या प्रथांचा प्रश्न मालिकेनंतरही महाराष्ट्रात चर्चेत राहिला. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले.

प्रसारण

मालिकेने रात्री ८.३० वाजता तुला पाहते रे या मालिकेची जागा घेतली. सुबोध भावे आणि गायत्री दातार यांच्या त्या मालिकेत प्रौढ उद्योजक आणि त्याच्याहून बऱ्याच लहान असलेली तरुणी यांचे प्रेम होते. त्याच वेळेत आलेल्या नव्या मालिकेत नायक आणि नायिका दोघेही प्रौढ होते.

कोविड-१९ साथीमुळे मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांवर जुने भाग दाखवण्यात आले. महाराष्ट्र शासनाने मे २०२०च्या अखेरीस अटींसह चित्रीकरणास परवानगी दिली. झी मराठीवर नव्या भागांचे प्रसारण १३ जुलै २०२० पासून पुन्हा सुरू झाले.

शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील कलाकार आणि कर्मचाऱ्यांना चित्रीकरणस्थळी मनाई होती. कौटुंबिक मालिकांत आजी-आजोबांच्या भूमिका अपरिहार्य असतात, शिवाय अनेक ज्येष्ठ कलाकारांची उपजीविका रोजच्या कामावर अवलंबून असते. त्यामुळे या अटीला मनोरंजनक्षेत्रातून विरोध झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ही अट रद्द केली. त्या वेळी रवी पटवर्धन ८२ वर्षांचे होते.

रवी पटवर्धन यांचे निधन

आजोबांची भूमिका करणारे रवी पटवर्धन यांचे ५ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ८३व्या वर्षी ठाण्यात निधन झाले. त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९३७ रोजी झाला होता. उंबरठा (१९८२), अंकुश (१९८६) आणि तेजाब (१९८८) हे त्यांनी भूमिका केलेले काही चित्रपट आहेत. रत्नाकर मतकरी यांच्या आरण्यक या नाटकातील धृतराष्ट्राची भूमिका त्यांनी उतारवयातही रंगमंचावर केली. भारदस्त आवाज आणि करारी मुद्रा यांमुळे त्यांच्या वाट्याला अनेकदा खलनायक, पोलीस अधिकारी वा सत्ताधारी अशा भूमिका आल्या. या मालिकेतील कडक, पण आतून मायाळू आजोबांमुळे ते अखेरच्या काळात नव्या पिढीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. त्यांच्या पश्चात ही व्यक्तिरेखा मोहन जोशी यांनी साकारली.

प्रतिसाद

मालिका प्रसारित होत असताना मराठी मालिकांच्या साप्ताहिक प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती अनेकदा वरच्या क्रमांकांत असे. सासू आणि सून यांना एकमेकींच्या बाजूने उभे करणे आणि प्रौढांच्या प्रेमाला थट्टेऐवजी सन्मानाने वागवणे या गोष्टींचे स्वागत झाले. आसावरीचा विवाह हा मालिकेचा सर्वाधिक चर्चिला गेलेला टप्पा ठरला.

सोहमची व्यक्तिरेखा प्रेक्षकांच्या रोषाचा विषय झाली. 'बबड्या' हे नाव मालिकेबाहेरही वापरात आले. आईच्या अतिलाडाने बिघडलेल्या, घरकामात काडीचीही मदत न करणाऱ्या मुलाला 'बबड्या' म्हणण्याची पद्धत समाजमाध्यमांवरील विनोदांतून रूढ झाली. या रोषात आशुतोष पत्की यांच्या अभिनयाचे यश होते, तसेच अशी मुले घडवणाऱ्या संगोपनावरील टीकाही होती.

मालिकेवर आक्षेपही घेतले गेले. विवाहानंतर कथानक लांबवले गेले, सोहमच्या कारस्थानांची पुनरावृत्ती झाली आणि आसावरी त्याला वारंवार क्षमा करत राहिल्याने तिच्या व्यक्तिरेखेतील बदल मागे पडला, असे त्यांचे स्वरूप होते. दैनंदिन मालिकांत मुख्य उद्दिष्ट साध्य झाल्यावर कथा टिकवण्याची अडचण नेहमीच येते. या मालिकेत विवाह हेच उद्दिष्ट असल्याने ती अधिक जाणवली.

पुढील मालिका

१५ मार्च २०२१ पासून याच वेळेत अग्गंबाई सूनबाई ही मालिका सुरू झाली. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या भूमिका कायम राहिल्या. शुभ्राची भूमिका उमा पेंढारकर यांनी, तर सोहमची भूमिका अद्वैत दादरकर यांनी केली. चिन्मय उदगीरकर हेही या मालिकेत होते. या भागात आसावरी उद्योजिका झालेली आहे आणि अभिजित घर सांभाळतो. आधीच्या मालिकेतील ठाम शुभ्रा येथे आई झाल्यावर आत्मविश्वास गमावलेली गृहिणी म्हणून दिसते. पहिल्या मालिकेत सुनेने सासूला उभे केले होते, दुसऱ्या मालिकेत सासू सुनेला उभी करते. ही मालिका २१ ऑगस्ट २०२१ रोजी संपली. तिच्या जागी माझी तुझी रेशीमगाठ ही मालिका आली.

इतर भाषांतील पुनर्निर्मिती

मूळ मराठी कथेवर आधारित मालिका झी समूहाच्या इतर वाहिन्यांवर प्रसारित झाल्या. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे:

मल्याळम – मनम्पोले मंगल्यम (झी केरळम)
तमिळ – पुदु पुदु अर्थंगळ (झी तमिळ), प्रमुख भूमिकेत देवयानी
कन्नड – श्रीरस्तु शुभमस्तु (झी कन्नड), प्रमुख भूमिकेत सुधाराणी

तमिळ आणि कन्नड मालिकांसाठी १९९०च्या दशकातील लोकप्रिय चित्रपट अभिनेत्रींची निवड झाली. मराठीत निवेदिता सराफ यांच्या निवडीमागेही असाच परिचयाचा धागा होता. ज्या अभिनेत्रीला प्रेक्षकांनी तरुण नायिका म्हणून पाहिले होते, तिलाच प्रौढ वयात पुन्हा नायिका म्हणून पाहण्याची संधी या मालिकांनी दिली.

हेही पाहा

झी मराठी
होणार सून मी ह्या घरची
गुलाबजाम (चित्रपट)
धोंडो केशव कर्वे
हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा, १८५६